पहिले वाचक माईकनाना

महाळुंगे पडवळच्या माईकनानांचा आवाज माझ्यामुळे बंद झाला. आजारपणाने नव्हे, वयानेही नव्हे. मी लिहिलेल्या दोन ओळींनी. ही गोष्ट मी कित्येक वर्षं 'जरा गैरसमज झाला' अशा शब्दांत सांगत आलो. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. मी लिहिलं, लोकांना ते नीट समजलं आणि लोक हसले. समजेल असं लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि आजवर जे काही लिहिलं त्यात त्या दोन ओळी सगळ्यांत जास्त लोकांना समजल्या.

नाना लग्नात माईक धरायचे, म्हणून माईकनाना. आमच्याकडच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी माईकवरून आलेल्या मंडळींचं स्वागत किती वेळ चालतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. नावं पुकारणारे पुष्कळ असतात. नानांची तऱ्हा वेगळी होती. एक हात माईकला, दुसरा कमरेवर आणि डोळे मंडपाच्या दारावर. आलेला माणूस चप्पल कुठं काढावी म्हणून इकडंतिकडं बघतोय, तोवर कर्ण्यातून त्याचं स्वागत सुरू झालेलं असायचं. "प्रगतशील बागायतदार, शब्दाचे पक्के, आमचे मार्गदर्शक श्रीयुत बबनराव यांचं मंडपात आगमन झालेलं आहे. दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं सहर्ष स्वागत!" बबनराव चप्पल विसरून ताठ चालत पुढच्या खुर्च्यांकडं जायचे.

पदं असलेल्यांचं स्वागत कुणीही करतो. ज्यांना कसलंच पद नाही त्यांच्यासाठी नाना गुण शोधून ठेवायचे. कुणी 'दिलेल्या वेळेला हजर राहणारे', कुणी 'ज्यांच्या विहिरीनं उन्हाळ्यात सगळ्या आळीची तहान भागवली असे'. एकट्या आलेल्या एका म्हातारीचं 'जिच्या हातच्या बाळगुटीवर गावातली निम्मी पोरं वाढली' असं स्वागत करताना मी त्यांना ऐकलं आहे. ती बिचारी पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. मी एकदा त्यांना विचारलं, "नाना, एवढं सगळं कशासाठी?" माईकवर शुद्ध बोलणारे नाना खाली उतरले की आपल्या भाषेत यायचे. म्हणाले, "राव, मानूस वर्षभर चिखलात आस्तो. त्येला त्येचं नाव चांगल्या आवाजात कवा ऐकाया मिळतं?"

आमची गाठ पडली ती लग्नात नव्हे, डेअरीत. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायचो. चाळिशी ओलांडल्यावर ते सोडून मंचरला आलो. माझा मित्र संतोष याने दूध संस्थांसाठी एक ॲप तयार केलं होतं. सभासदानं दूध घातलं की फोनवर लिटर आणि फॅट टाकायचं, छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर येते, एवढं साधं काम. ॲप चांगलं होतं. पण संस्थांचे सचिव दिवसभर संतोषला फोन करायचे, "बाकी सगळं झ्याक हाय, फकस्त सुरू कुठनं करायचं तेवढं सांगा." संतोष मला म्हणाला, "दिल्या, तू हेच करत आलायस ना? लिही की एखादं पुस्तक."

मी लिहिलं. पहिल्या वाक्याचा मला अभिमान होता: 'सदर प्रणालीमध्ये प्रवेश करण्यापूर्वी वापरकर्त्याने आपल्या भ्रमणध्वनी संचामध्ये संस्थेमार्फत प्राप्त झालेल्या सांकेतिक क्रमांकाची नोंद करून तो अधिकृत करून घेणे आवश्यक आहे.' महाळुंग्याच्या डेअरीत सचिवाला तो कागद देत होतो, तेवढ्यात दुधाची किटली घेऊन आलेल्या नानांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि लग्नातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. 'प्राप्त झालेल्या'पाशी त्यांचा दम संपला. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "दिलीपराव, ह्येच्यात मी मधीच मेलो की वं." डेअरीतली सगळी माणसं हसली. मलाही हसू आलं. घरी जाऊन मी ते वाक्य चार वेळा मोठ्यानं वाचलं. माझाही दम तिथंच संपत होता.

दुसऱ्या दिवशी मी कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेलो, आणि मग जातच राहिलो. गोठ्याला लागून पत्र्याची पडवी होती, तिथं दुपारी आमची बैठक. नाना उभं राहून वाचायचे. बसून वाचणं त्यांना जमत नसे. मी समोर पोत्यावर बसून पेन्सिलीनं खुणा करायचो. त्यांचा श्वास जिथं तुटे तिथं मी पूर्णविराम देत गेलो. जिथं त्यांचा आवाज आपोआप खाली येई तिथं ते वाक्य कंटाळवाणं आहे हे समजायचो आणि खोडायचो. पुण्यातल्या इतक्या वर्षांत असं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. खरं म्हणजे नानांनीही दिलं नाही. ते फक्त वाचत होते, आणि आपण किती छान वाचतो यावर खूश होते. नानांच्या बायको, काकी, आतून ओरडायच्या, "आवो, हळू! म्हस दचकती!"

"न्हाई कळालं" हे त्यांचं दुसरं वैशिष्ट्य. हे दोन शब्द ते आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, कुणीही समोर असलं तरी म्हणायचे.

"लॉगिन करा म्हंजी? मंडपात शिरायचं का?"

"हो, तसंच म्हणा."

"मंग आत या म्हन की. आन् ह्ये जतन करा काय? वासरू हाय व्हय त्ये?"

'जतन करा' हे बटणावरचंच नाव होतं. ते समजावून सांगायला मी पुस्तिकेत चार ओळी लिहिल्या होत्या. नानांनी त्या वाचल्या आणि पुन्हा म्हणाले, "न्हाई कळालं." मी संतोषला फोन केला, त्याने बटणावर 'नोंद ठेवा' असं घातलं, आणि माझ्या चार ओळी गेल्या. असं पुष्कळदा झालं. प्रत्येक पायरी वाचून झाली की ते फोन समोर धरून विचारायचे, "बरं, दाबलं. आता मला काय दिसाया पायजे?" तोवर मी लोकांना काय करायचं तेवढंच सांगत होतो. केल्यावर काय दिसेल ते सांगत नव्हतो, त्यामुळे बरोबर केलेला माणूसही घाबरत होता. आणि आमच्या ॲपमध्ये काय काय आहे त्याची मी सुरुवातीला दिलेली लांबलचक माहिती त्यांनी एका वाक्यात मागे ढकलली. "राव, आदी एका म्हशीचं दूध घालून दाव. बाकीचा गोठा मागनं."

मी ज्या कार्यालयात काम केलं तिथं बैठकीत कुणी 'मला कळलं नाही' असं म्हटलेलं मला आठवत नाही. मी तर नाहीच. सगळे माना हलवायचे आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला न्हाई कळालं त्ये चेअरमनला बी कळनार न्हाई. फकस्त त्यो इचारनार न्हाई." त्यांच्या वयाचा, सगळ्या पंचक्रोशीत मान असलेला माणूस माझ्यासारख्यासमोर आपलं न कळणं असं उघडं ठेवून बसतो, ही केवढी मोठी गोष्ट होती! तेव्हा मला ती पडवीतल्या सावलीसारखी वाटली. आहे, आपण बसायचं.

भांडण म्हणाल तर एकाच गोष्टीवरून झालं. पुस्तिकेची सुरुवात स्वागतानं व्हावी असा त्यांचा आग्रह होता. चेअरमन, संचालक, सचिव, सगळ्यांची नावं त्यांना पहिल्या पानावर हवी होती. मी म्हटलं, "नाना, असली पानं कुणी वाचत नाही. माणसाला काम सुरू करायचं असतं."

"आरं, कुनाला या म्हनलं न्हाई, बसा म्हनलं न्हाई, आन् एकदम दाब बटन? वाचनारा काय तुझा गडी हाय?"

दोन दिवस आम्ही यावर अडून बसलो. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "बरं, तुम्ही स्वतः पहिल्यांदा हा फोन हातात घेतलात तेव्हा तुम्हाला काय ऐकायला आवडलं असतं?" नानांनी हातातला फोन खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? मला भ्या वाटत व्हतं. म्हनलं, आपन दाबलं आन् सगळ्या गावाचं दूध पुसून गेलं म्हंजी?" त्या दुपारी आमच्या पुस्तिकेचं पहिलं वाक्य तयार झालं: 'या, बसा. घाई नाही. तुम्ही काहीही दाबलंत तरी आधीची नोंद पुसली जात नाही.' नावं आम्ही शेवटच्या पानावर नेली. नाना राजी झाले, पण तेवढ्या पानासाठी त्यांनी माझ्याकडून सगळ्यांचे हुद्दे तपासून घेतले.

त्या वाक्याचा गुण मी तळेघरला पाहिला. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी तेव्हा नुकतंच दूध गोळा करायला सुरुवात केली होती. एसटीच्या गाड्या मोजक्या, त्यामुळे बहुतेक जणी डोंगरातल्या वाड्यांवरून चालत आल्या होत्या. नाना हौसेनं माझ्याबरोबर आले. तिथं माईक नव्हता, तरी दारात उभं राहून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकीला नाव विचारलं आणि काही ना काही जोडून तिचं स्वागत केलं. "नाचणीच्या रानातनं आमच्यासाठी वेळ काढून आलेल्या हौसाबाई!" बायका खो खो हसत आत येत होत्या. मग त्यांतल्या एकीनं पुस्तिकेची कच्ची प्रत उघडली, बोट ठेवून पहिलं वाक्य वाचलं, आणि शेजारणीला म्हणाली, "पुसत न्हाई म्हनत्यात गं." आणि तिनं फोन स्वतःकडं ओढून घेतला. नानांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. परतीच्या वाटेवर एसटीत ते खिडकीशी बसले होते, डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि ते स्वतःशीच ते वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते. माझ्या नोकरीधंद्यातला सगळ्यांत सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

आता माझ्या दोन ओळींकडं येतो.

पुस्तिका जवळजवळ पुरी झाली होती. त्या दुपारी संतोषही प्रिंटर घेऊन पडवीत आला होता, आणि नाना ॲपमध्ये स्वतः एक नोंद करून बघत होते. 'सभासदाचे नाव' अशी जागा आली आणि ते एका बोटानं लिहीत बसले. काकींनी दिलेला चहा निवून गेला तरी त्यांचं लिहिणं चालूच होतं. शेवटी त्यांनी बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद येऊ लागला तो थांबेचना. 'पंचक्रोशीचे आधारस्तंभ', 'माजी व्हाइस चेअरमन', 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे', असं करत करत कागद नानांच्या गुडघ्यापर्यंत लोंबला, तेव्हा कुठं खाली लिटर आणि फॅट आलं. संतोष आणि मी पोट धरून हसलो. नानाही हसले. पण हसता हसता त्यांनी विचारलं, "मंग मानसाचं नाव आसं उघडंबोडकं लिव्हायचं व्हय? लिटरला पॉइंटाच्या फुडं बी आकडा हाय, आन् मानसाला म्होरं-मागं काईच न्हाई?"

मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मी त्याचा विनोद केला. पुस्तिकेच्या शेवटी 'या चुका टाळा' असं एक पान होतं आणि ते रुक्ष वाटत होतं. त्यात मी लिहिलं: 'नावाच्या जागी फक्त नाव लिहा. माईकनानांसारखी लग्नपत्रिका लिहू नका.' खाली एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. फेटा बांधलेला माणूस, एका हातात माईक, दुसऱ्यात फोन, आणि पायांना गुंडाळलेली पावती.

संतोषनं विचारलं होतं, "नानांना दाखवलंस का?"

मी म्हणालो, "त्यांना आवडेल रे. त्यांचं नाव छापून येतंय."

पुस्तिकेचं प्रत्येक पान मी नानांना वाचायला दिलं होतं. हे एकच दिलं नाही. छपाईची घाई होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. छपाईला अजून वेळ होता. त्या दिवसांत मी दोनदा त्यांच्या पडवीत जाऊन बसलो होतो.

पुस्तिका डेअऱ्यांतून वाटली गेली. लोकांना आवडली. सचिवांचे फोन कमी झाले. शेवटच्या पानाचा फोटो मात्र सगळ्यांच्या फोनवर फिरला. ज्यांचा दुधाशी संबंध नाही त्यांच्याही. नानांनी तो पाहिला होता की नाही मला कळलं नाही. भेटले तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि मी विषय काढला नाही.

पुढच्याच लग्नसराईत डिंगोऱ्याला संतोषच्या नात्यातलं लग्न होतं. आम्ही दोघं मधल्या खुर्च्यांवर बसलो होतो. नानांनी माईक हातात घेतला. वराचे मामा दारातून आत आले आणि नानांनी सूर लावला, "ज्यांनी आपल्या भाच्याला पोटच्या पोरासारखं..."

मागून एक आवाज आला, "नाना, फक्त नाव!"

हशा पिकला. नानाही हसले आणि त्यांनी वाक्य पुरं केलं. पुढचे पाहुणे आले. आता तीन-चार जण एकदम ओरडले, "फक्त नाव लिहा, नाना!" "पावती लांबली, नाना!" बायकांच्या बाजूनंही हसण्याची लाट आली. मीही हसलो. सगळे हसत होते म्हणून हसलो, एवढंच मला आज म्हणता येतं, आणि ते कारण मला पुरत नाही.

मग दारात एक म्हातारा आला. धुवट धोतर, नवी टोपी. त्यानं चप्पल काढली, टोपी नीट केली आणि तो उभा राहिला. आता आपलं स्वागत होणार हे त्याला माहीत होतं. नाना त्याच्याकडं पाहत होते. मंडप हसायला तयार होऊन बसला होता. नाना म्हणाले, "सखाराम." एवढंच. गावाचं नाव नाही, श्रीयुत नाही, राव नाही. म्हातारा क्षणभर तसाच थांबला, आणखी काही येईल म्हणून. मग मान खाली घालून मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. त्यापुढच्या प्रत्येकाचं नाना तसंच नुसतं नाव घेत गेले. शाळेत हजेरी घेतात तसं. हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. मंगलाष्टकांची वेळ झाली तेव्हा नानांनी माईक बंद केला, वायर गुंडाळून खुर्चीवर ठेवली आणि जेवायला न थांबता गेले. त्यांनी पुन्हा कुठल्याही लग्नात माईक धरला नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. नाना पडवीत बसले होते. मला बघून म्हणाले, "या पावणं." मी त्यांच्यासाठी कायम दिलीपराव होतो. पाहुणा मी कधीच नव्हतो. काकींनी कपबशीतून चहा आणला. एरवी मला स्टीलच्या पेल्यात मिळायचा. मी म्हणालो, "नाना, अहो, तो विनोद होता. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून लिहिलं."

"ऱ्हायलं की ध्यानात," नाना म्हणाले.

मी पुढच्या छपाईत ते पान काढलं आणि नवी प्रत संतोषबरोबर पाठवली. "बरं केलं," असा निरोप आला. डेअरीत दूध घालायला आता काकी येत. मी पडवीत जायचो तेव्हा स्वागत व्हायचं, चहा व्हायचा, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं. आमच्यात कागद कधी निघाला नाही. हळूहळू माझं जाणंही थांबलं.

लोक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मी स्वतःला हेच सांगत होतो. पण काही लिहिलं की अजूनही मी उभा राहून मोठ्यानं वाचतो, आणि माझाच आवाज मला परका वाटतो. त्या वाक्यांना दुसऱ्या कुणाचा तरी घसा हवा असतो. आता लग्नांत गाण्याचा इतका दणदणाट असतो की कोण आलं नि कोण गेलं, पत्ता लागत नाही. दारात एखादा म्हातारा टोपी सारखी करत क्षणभर थांबतो, मग कुणीच बोलत नाही तेव्हा पुढं सरकतो. मी तिकडं बघू शकत नाही. नाना जाऊनही आता काही वर्षं झाली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी मला पुन्हा 'दिलीपराव' अशी हाक मारली होती. ती हाक ऐकण्यासाठी मी आज चालत तळेघर गाठेन.

ती हाक मला परत कशी मिळाली तेवढं सांगायचं राहिलं.

मंचरला औषधाच्या दुकानात काकी दिसल्या. हातात गोळ्यांची पाकिटं होती आणि दुकानात गर्दी होती म्हणून त्या बाजूला उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं भेटलास. ह्यातली सकाळची कंची आन् रातची कंची, बघ की जरा." नानांचं रक्तदाबाचं दुखणं वाढलं होतं. मी पाकिटं वाचून दाखवली आणि विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. ह्यांनी नुसती मान हालवली. घरी आल्याव म्हनले, मला काय न्हाई कळालं. म्या म्हनलं, मंग तितंच इचारायचं! तर गप. मागल्या महिन्यात दोन्ही टायमाला एकच गोळी घेत व्हते, चक्कर येऊन गोठ्यात पडले." काकी पाकिटं पिशवीत टाकत म्हणाल्या, "आता कुनालाच काय इचारत न्हाईत बघ. लोक हासतील म्हनत्यात."

त्या गेल्या तरी मी त्या दुकानासमोर तसाच उभा होतो. माझ्याकडं विनोदाचं स्पष्टीकरण तयार होतं, लग्नाचं होतं, छपाईचं होतं. याचं नव्हतं. माईक तर मी त्यांच्याकडून घेतला होताच. पण ज्या दोन शब्दांवर माझी सगळी पुस्तिका उभी होती, तेही मी त्यांच्या तोंडून काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाळुंग्याला गेलो. नाना अंगणात खाटेवर बसले होते, कपाळावर पडल्याची खूण होती. शेजारचा एक गडी विळा मागायला आला होता, तो काकींशी बोलत होता. नाना म्हणाले, "या पावणं. बसा." मी बसलो नाही. तो गडी जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, पण मी जे केलं होतं ते चार लोकांत केलं होतं.

"नाना, मला बोलायचंय."

"आवो, आता काय त्येचं. झालं गेलं. चा घ्या."

"नाही, नाना, ऐका. ते पान मी तुम्हाला मुद्दाम दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मला ते छापायचं होतं. तुम्ही विश्वासानं मला विचारत गेलात आणि मी तुमच्या विचारण्यावर लोकांना हसवलं. डिंगोऱ्याला लोक हसले तेव्हा मीही हसलो. माझं चुकलं, नाना. मला माफ करा."

नानांनी खाटेवर सरकून जागा केली, उशाखालची गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढं धरली आणि त्या गड्यासमोरच आपल्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "दिलीपराव, ह्यातली सकाळची कंची आन् रातची कंची, मला न्हाई कळालं."